गाव कथेत आणायचं कसं: नकाशापासून शेवटच्या वाचनापर्यंत

गावाकडच्या कथेचा पहिला परिच्छेद बहुतेक वेळा ठरलेला असतो. पार, पिंपळ, झुळझुळणारा ओढा, घराकडे परतणारी गुरं. दुसऱ्या परिच्छेदात आजी येते, तिसऱ्यात एखादा म्हातारा ‘आरं लेकरा’ म्हणत तोंड उघडतो. चार पानं उलटली तरी हे गाव जतकडचं की जामनेरकडचं, पत्ता लागत नाही. लिहिणारा त्याच मातीत वाढलेला असतो, त्याला सगळं ठाऊक असतं, तरी कागदावर उतरतं ते कॅलेंडरच्या चित्रातलं खेडं.

माहिती कमी पडते म्हणून असं होत नाही. कामाचा क्रम उलटा लागतो म्हणून होतं. आधी वर्णन लिहिलं जातं, मग त्यावर बोलीचा शिडकावा आणि सगळ्यात शेवटी त्यात बसेल अशी गोष्ट शोधली जाते. खालचा क्रम तसा नाही: आधी गावाची तयारी, मग त्यातून गोष्ट. तीन-चार हजार शब्दांच्या कथेसाठी रोज पाऊण तास दिला तर तयारीला तीन-चार आठवडे पुरतात. कादंबरी असेल तर वर्ष धरा, कारण त्या गावचे तिन्ही हंगाम एकदा तरी वहीत यायला हवेत.

समजायला सोपं जावं म्हणून शेवटपर्यंत एकच उदाहरण घेतलं आहे: सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडचं कमी पावसाचं गाव आणि दोन भावांची सामाईक विहीर.

## १. गाव, साल आणि तुमची जागा ठरवा

वहीच्या पहिल्या पानावर तीन ओळी लिहा. कोणतं गाव, कोणतं साल, आणि सांगणारा गावात कुठे उभा आहे.

गाव म्हणजे तालुका नव्हे. तीन-चार किलोमीटरच्या परिघात मावेल एवढाच तुकडा घ्या: गावठाण, दोन वस्त्या, एक ओढा, एक फाटा. ‘माणदेश’, ‘वऱ्हाड’, ‘तळकोकण’ हे लिहायला घेण्याएवढे लहान नाहीत.

सालाच्या बाबतीत सगळ्यात जास्त घोळ होतो. पुण्या-मुंबईत किंवा परदेशात गेलेल्या लेखकाचं गाव तो निघाला त्या वर्षी गोठतं. मग आजच्या कथेतही पोरं पारावर बसतात, बायका हंडे घेऊन आडावर जातात. प्रत्यक्षात पारासमोर पेव्हर ब्लॉक बसलेत, प्यायचं पाणी फिल्टरच्या जारमधून येतं, लग्न हायवेवरच्या लॉनवर लागतं आणि गावात तिशी ओलांडलेली, लग्न न जमलेली पंधरा पोरं आहेत. जुनं गाव लिहायला हरकत काहीच नाही. फक्त ते जुनं आहे हे तुम्हाला माहीत हवं. ‘१९८७’ असा आकडा टाका आणि त्याला बांधील राहा.

सांगणाऱ्याची जागा म्हणजे तो कोणत्या आळीतून गाव बघतो. पाटलाच्या ओसरीवरून दिसणारं गाव आणि शिवेलगतच्या वस्तीवरून दिसणारं गाव यांत पाणवठासुद्धा एक नसतो. तुम्ही ज्या घरात वाढलात तिथून जे दिसत नव्हतं, ते ‘सर्वज्ञ’ निवेदकाच्या तोंडी घालून दिसू लागत नाही. तिथे जाऊन विचारावं लागतं, नाहीतर निवेदकाला तेवढंच दिसू द्यावं लागतं.

तपासा: या तीन ओळी वाचून शेजारच्या तालुक्यातल्या माणसाला ‘हे आमच्याकडचं नाही’ असं म्हणता येतं का? येत नसेल तर अजून बारीक करा.

## २. हाताने नकाशा काढा

चित्रकला यायची गरज नाही. ए-तीन आकाराचा कागद, पेन्सिल, खोडरबर. आधी फक्त आठवणीतून काढा. मग महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावरचा गटनिहाय गावनकाशा उघडून दोन्ही शेजारी ठेवा. आठवणीतला नकाशा जिथे चुकतो त्या जागा लाल पेनाने खुणावून ठेवा, त्या फार कामाच्या असतात. लहानपणी लांब वाटलेली शाळा चारशे मीटरवर निघते. जो बांध तुमच्या आठवणीत सरळ आहे तो नकाशात वाकडा असतो, आणि वाकडा का झाला यात कधीकधी अख्खी कथा असते.

नकाशावर किमान एवढं यावं:

- पाण्याच्या सगळ्या जागा, आणि कोण कुठून पाणी भरतं
- शीव, पाणंदी, गाडीवाट, पायवाट, एसटी थांबते ती जागा
- वस्त्या कोणत्या दिशेला आहेत, आणि पूर्वी गावकुसाबाहेर कोण होतं
- स्मशान एक की अनेक, कुणाचं कुठे
- सामाईक मालकीच्या गोष्टी: विहीर, बांध, झाड, भिंत, रस्ता
- रात्री कुठे उजेड असतो आणि कुठे नसतो

प्रत्येक दोन जागांमध्ये अंतराऐवजी मिनिटं लिहा. मोकळ्या माणसाला एक किलोमीटर चालायला बारा ते पंधरा मिनिटं लागतात. डोक्यावर वैरणीचा भारा असेल तर जास्त, पावसात काळ्या रानातून जायचं असेल तर दुप्पटसुद्धा, कारण चपलेला चिकटलेला चिखल मध्येमध्ये काढावा लागतो. आपल्या उदाहरणात धाकट्या भावाची वस्ती विहिरीपासून सातशे मीटरवर आहे: दिवसा नऊ मिनिटं, रात्री बॅटरीच्या उजेडात चौदा. थोरल्याचं घर विहिरीला लागूनच. हा नऊ-चौदा मिनिटांचा फरक पुढे कथा चालवणार आहे.

सोबत सातबारा आणि आठ-अ हे जमिनीचे उतारे बघून घ्या. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर ते घरबसल्या दिसतात. त्यात क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं, बोलण्यात मात्र एकर-गुंठे. एका एकरात ४० गुंठे, आणि एक आर म्हणजे जवळपास एक गुंठा. पात्र ‘माझं शून्य पूर्णांक ऐंशी हेक्टर रान’ म्हणत नाही, ‘दोन एकर’ म्हणतं.

सावध: जुनी जिल्हा गॅझेटिअर उपयोगी आहेत, पण ती इंग्रज साहेबाच्या नजरेने लिहिलेली आहेत. पिकं, बाजार, रस्ते यांसाठी वापरा. माणसांच्या स्वभावाबद्दलची त्यातली वाक्यं उचलू नका.

## ३. वर्ष मांडा

बारा महिन्यांचा तक्ता करा. महिने मराठी ठेवा आणि शेजारी इंग्रजी तारखा. रकाने पाच: पाऊस-हवा, रानातलं काम, झाडं-जनावरं, सण-जत्रा-बाजार, आणि पैसा. शेवटचा रकाना लोक विसरतात. हातात पैसा कधी येतो आणि कधी संपतो यावर गावातली भांडणं, लग्नं, दवाखाने, सगळं ठरतं.

पावसाची नक्षत्रं तारखांसह लिहून ठेवा. रोहिणी साधारण २५ मेला लागते, मृग ७-८ जूनला, आर्द्रा २१-२२ जूनला, पुनर्वसू ५-६ जुलैला, पुष्य १९-२० जुलैला, मघा १६-१७ ऑगस्टला, उत्तरा १३ सप्टेंबरच्या आसपास, हस्त सप्टेंबर सरता सरता. लोकांच्या तोंडी मात्र ‘पुनर्वसू’ क्वचित येतो. त्याला तरणा पाऊस म्हणतात आणि पुष्याला म्हातारा.

आता मुख्य गोष्ट: सगळ्या महाराष्ट्राचं वर्ष एक नाही. कोल्हापूर-सांगलीकडे बैलांचा सण बेंदूर, तोही ज्येष्ठात कर्नाटकी आणि आषाढात महाराष्ट्रीय. विदर्भात पोळा श्रावण अमावास्येला, आणि दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा. लातूर-धाराशिवकडे मार्गशीर्ष अमावास्येला येळवस असते आणि गाव रिकामं करून लोक रानात जेवायला जातात. येळवशीच्या दुपारी गावात कुणीतरी कुणाला पारावर भेटलं असं लिहिलंत, तर तिथला वाचक पुस्तक मिटतो. कोकणात भाताची लावणी ऐन आषाढात, आणि पूर्व सांगली-सोलापूरकडे खरी पेरणी म्हणजे रब्बी ज्वारीची, सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत. म्हणून तिकडच्या शेतकऱ्याची काळजी जूनपेक्षा उत्तरा-हस्तात वाढलेली दाखवा.

झाडांचंही तसंच. पळस फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतो, बहावा एप्रिल-मेमध्ये. एकाच प्रसंगात ऐन बहरातला बहावा आणि कोवळा हुरडा ठेवता येत नाही.

तपासा, काळाची चाळणी: कथेचं साल एकदा या ओळींवरून फिरवा.

- १ एप्रिल १९५७ च्या आधी रुपयाचे सोळा आणे होते.
- १९६० पर्यंत सांगली जिल्ह्याचं नाव ‘दक्षिण सातारा’ होतं.
- सिंधुदुर्ग आणि जालना हे जिल्हे १ मे १९८१ ला झाले, लातूर ऑगस्ट १९८२ मध्ये. १९७५ च्या कथेतला नायक ‘लातूर जिल्ह्याचा’ असू शकत नाही.
- कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर १९९८ पासून धावते. त्याआधीचा चाकरमानी गणपतीला एसटीने किंवा बोटीने येतो. बोट कोणत्या सालापर्यंत चालू होती ते त्या बंदरावर विचारून घ्या.
- १९७२ चा दुष्काळ, ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप: कथा त्या भागातली आणि त्या काळातली असेल तर लोक यांचा उल्लेख न करता बोलूच शकत नाहीत. ‘बहात्तरच्या आदल्या साली’ ही तारीखच असते.

## ४. बोलीची वही

पायरी क्रमांक चार, आणि सर्वांत जास्त वेळ हिला द्या.

चूक इथून सुरू होते: लेखक ‘दुर्मीळ शब्दांची यादी’ करायला बसतो. चाडं, रुमणं, थारोळं, सोंदूर. मग ते शब्द कथेत दागिन्यासारखे जडवतो. बोली शब्दांत थोडी असते, जास्त करून ती व्याकरणात आणि वाक्याच्या चालीत असते. वऱ्हाडीत ‘मला’चं ‘मले’ होतं, ‘डोळा’चा ‘डोया’, आणि क्रिया चालू असेल तर ‘करून राह्यला’. मालवणीत ‘माका’, ‘तुका’, ‘खय’. अहिराणीत ‘आहे’च्या जागी ‘शे’. कोल्हापुरी बाई ‘मी आलो’ म्हणते आणि त्यात तिला काही वेगळं वाटत नाही. ही चौकट एकदा पक्की बसली की एकही अवघड शब्द न वापरता पान त्या भागाचं वाटतं. चौकट नसली तर पन्नास दुर्मीळ शब्द घालूनही वाटत नाही.

वहीत शब्द उतरवू नका, वाक्यं उतरवा. प्रत्येक नोंदीला पाच गोष्टी: वाक्य जसंच्या तसं, कोण बोललं (वय, बाई की बाप्या), कुणाला, काय करता करता, आणि त्या आधी काय झालं होतं. रोज पाच वाक्यं घ्या. तीन आठवड्यांत शंभर होतात, आणि एका कथेला तेवढी भरपूर.

ऐकायचं कसं? ‘तुमच्याकडे याला काय म्हणतात?’ असं विचारलं की माणूस सावध होतो आणि शाळेतली मराठी बोलतो. कामाबद्दल विचारा. ‘पाणी सोडल्यावर दारं कोण धरतं?’ असं विचारलंत तर सरी, वाफा, पाट, कॉक, डीपी, स्टार्टर हे सगळे शब्द आपापल्या जागेवर बसून येतात. हो, डीपी आणि स्टार्टरसुद्धा. ते गाळून त्याजागी ‘रोहित्र’ लिहिणारा लेखक महावितरणच्या पत्रकासारखं लिहितो. आवाज रेकॉर्ड करणार असाल तर आधी सांगा, आणि पहिली दहा मिनिटं टाकून द्या, कारण तेवढा वेळ माणूस फोनशी बोलत असतो.

नात्यांची हाक वेगळ्या पानावर लिहा. बापाला आबा, तात्या, अण्णा, दादा, बा, बाबा यांपैकी नेमकं काय म्हणतात, सासूला आत्याबाई की आत्ती, नवऱ्याचा उल्लेख कसा होतो. एकाच घरात थोरली सून आणि धाकटी सून सासऱ्याला वेगळी हाक मारतात असंही आढळेल. तसंच लिहा.

### बोली किती वापरायची

हा निर्णय पहिल्या पानाआधी घ्यायचा आणि मग मोडायचा नाही. तीन पर्याय आहेत.

पहिला, निवेदन प्रमाण भाषेत आणि बोली फक्त संवादात. बाहेरून आलेला निवेदक असेल तर हे सहज बसतं. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ कादंबरीत सांगणारा धनगरांच्या वाडीवर नेमणुकीने आलेला तरुण मास्तर आहे, म्हणून तिथे ही विभागणी खटकत नाही.

दुसरा, निवेदन प्रमाण, पण वाक्याची चाल आणि कामाचे शब्द गावचे. नवशिक्यासाठी हाच सुरक्षित.

तिसरा, सगळंच बोलीत. आनंद यादवांची ‘गोतावळा’ (१९७१) ही कादंबरी शेतावर राबणाऱ्या गड्याच्या तोंडून कागलकडच्या बोलीत सांगितलेली आहे. हे करायचं तर निवेदक त्याच बोलीत विचार करणारा हवा आणि त्याला न शोभणारा एकही शब्द चालत नाही. ‘विषण्ण’, ‘अस्वस्थता’, ‘क्षितिज’ हे पहिल्याच दिवशी बाद.

### जवळून बघू

धाकट्या भावाचं एक वाक्य. पहिला खर्डा असा येतो:

‘आरं, म्या म्हनतूया, आज रातच्याला पान्याची पाळी माजी हाय न्हवं? मंग त्यो थोरला आदुगर मोटार कामून चालू करतूया?’

यात काय बिघडलंय? ‘कामून’ मराठवाडा-विदर्भाकडचा शब्द आहे, पूर्व सांगलीत ‘का’, ‘कशापायी’ किंवा ‘कशी’ येईल. ‘म्या म्हनतूया’ हे नुसतं भरताड आहे, रागावलेला माणूस इतकी प्रस्तावना करत नाही. प्रत्येक शब्द वाकवल्यामुळे वाचकाचं लक्ष अडचणीवरून उडून उच्चारावर जातं. आणि ऐकणाऱ्याला पाळी कुणाची हे माहीत असताना तो ते वाचकासाठी सांगतोय, हा सगळ्यात मोठा दोष.

दुरुस्त केलेलं:

‘पाळी माजी हाय. त्येनं मोटार कशी टाकली?’

सहा-सात शब्द. फक्त ‘माजी’, ‘हाय’, ‘त्येनं’ बोलीतले, आणि ‘मोटार टाकली’ हा कामातला प्रयोग. बाकीचं वाचकाचा कान स्वतः भरून घेतो.

सावध: एक ‘लेखनाचं पान’ करून ठेवा. ‘न्हाई’ की ‘नाय’, ‘पानी’ की ‘पाणी’, ‘हितं’ की ‘इथं’, एकदा ठरवा आणि शेवटपर्यंत तेच. माणसागणिक फरक ठेवायचा असेल (शिकलेली पुतणी ‘नाही’ म्हणते, आजी ‘न्हाई’) तर तोही त्याच पानावर लिहा आणि हस्तलिखितासोबत संपादकाला पाठवा. नाहीतर मुद्रितशोधक तुमच्या कोल्हापुरी बाईचं ‘आलो’ मोठ्या निष्ठेने ‘आले’ करून टाकेल.

तळटीपा आणि शेवटी शब्दार्थ शक्यतो नकोत. शब्द कामात दिसला की अर्थ कळतो. ‘तो दारं धरायला गेला’ यापाठोपाठ फावड्याने सरीचं तोंड फोडलं की काम झालं.

## ५. अडचण गावातूनच काढा

आता नकाशा, तक्ता आणि वही समोर ठेवा. प्रश्न एकच: या जागेमुळे कुणाला काय करता येत नाही?

गोष्ट आधी सुचली आणि मग तिला गावात नेऊन बसवलं, तर गाव पडद्यासारखं मागे लटकत राहतं. प्रेमभंग, म्हाताऱ्या आईची उपेक्षा, शहराचं आकर्षण, या गोष्टी कुठेही घडतात. त्या तुमच्याच गावात घडतात तेव्हा तिथला उतार, तिथलं पाणी, तिथली वीज, तिथला बाजार त्यांना वळण देतो. ते वळण सापडेपर्यंत लिहायला बसू नका.

उदाहरण चालवून पाहू. सातबाऱ्यावर विहिरीत दोघांचा निम्मा निम्मा हिस्सा. पाळी तोंडी ठरलेली: एक दिवस थोरल्याचा, एक दिवस धाकट्याचा. थोरल्याचा ऊस, धाकट्याचं डाळिंब आणि दोन जनावरांपुरतं कडवळ. महिना वैशाख. विहीर दोन तासांत उपसते आणि पुन्हा भरायला सारा दिवस घेते. शेतीची थ्री-फेज लाइट या आठवड्यात रात्री आहे. दोघांच्याही स्टार्टरला ‘ऑटो’ बसवलेला, म्हणजे लाइट आली की मोटार आपोआप चालू होते, माणसाने विहिरीवर जायची गरज नाही.

इथपर्यंत नुसती माहिती आहे. आता तिला जोडा. ज्याची पाळी नाही त्याने आपला ऑटो बंद ठेवायचा, हा विश्वासाचा भाग. रात्री पावणेबाराला लाइट येते. थोरल्याचा ऑटो चालूच राहिलेला आहे. विसरला की मुद्दाम ठेवला, हे कुणालाच ठाऊक नाही, त्याच्या बायकोलासुद्धा. धाकट्याला वस्तीवर अंथरुणात पडल्या पडल्या दोन मोटारींचा आवाज येतो. तो विहिरीवर पोचेपर्यंत चौदा मिनिटं जातात. त्या चौदा मिनिटांत किती पाणी गेलं हा हिशेब तो चालता चालता करतो, आणि बापाच्या वेळचे सगळे जुने हिशेब त्याच्या मागोमाग उभे राहतात.

बघा, वर्णनाची एक ओळ नाही आणि गाव मात्र प्रत्येक वाक्यात आहे. चौदा मिनिटं नकाशातून आली, वैशाख तक्त्यातून, ऑटो वहीतून.

तपासा, हलवण्याची कसोटी: हीच कथा मनातल्या मनात उचलून कुडाळजवळ नेऊन ठेवा. मग गडचिरोलीत. पात्रांची नावं बदलून ती जशीच्या तशी चालत असेल, तर गाव अजून कथेत आलेलं नाही. पायरी दोनवर परत जा. मोडत असेल तर नेमकी कुठे मोडते ते लिहून ठेवा. तोच तुमच्या कथेचा कणा, आणि पुढे काटछाट करताना त्याला हात लावायचा नाही.

## ६. माणसं उचलताना

गावातला खरा माणूस जसाच्या तसा उचलून फक्त नाव बदललं तर गावाला तो पहिल्या ओळीत ओळखू येतो. त्यातून भांडण होतं, आणि कधीकधी अब्रुनुकसानीचा दावाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये हा गुन्हा आहे आणि ‘कथा काल्पनिक आहे’ एवढी ओळ छापल्याने सुटका होईलच असं नाही. कायदा बाजूला ठेवला तरी ज्यांनी विश्वासाने सांगितलं त्यांना तोंड दाखवायचं असतं.

बदल कसा करायचा: किमान चार गोष्टी हलवा. व्यवसाय, घरातली माणसं, वय, आणि शरीराची किंवा बोलण्याची ओळखीची लकब. लंगडणाऱ्या सावकाराला नुसतं चष्मा देऊन भागत नाही. दोन किंवा तीन माणसांचं मिळून एक पात्र करा, तेही वेगवेगळ्या आळींतली. गावाचं नाव काल्पनिक ठेवणार असाल तर त्या नावाचं गाव शेजारच्या तालुक्यात नाही ना, हे बघा. मात्र बाजाराचं गाव, नदी, तालुक्याचं ठिकाण खरंच ठेवा. सगळंच काल्पनिक केलं तर अंतरं आणि बाजारवार दोन्ही हातातून सुटतात.

नावांबद्दल थोडं. पिढीप्रमाणे नावं बदलतात: आज सत्तरीतला पांडुरंग, ज्ञानू, शिवराम चालेल, त्याचा नातू ज्ञानू असणं कठीण, तो सार्थक किंवा आर्यन असतो. आडनावाने जात आणि भाग दोन्ही कळतात, म्हणून मतदार यादी चाळून त्या गावात कोणती आडनावं मुळातच नाहीत ते पाहा. टोपणनावं वहीतून घ्या, स्वतः बनवू नका. बनवलेली टोपणनावं फार विनोदी होतात.

जातीवाचक शिवी संवादात येणारच असेल, तर कोण कुणाला, कुणासमोर देतो आणि नंतर ऐकणाऱ्याचं काय होतं, हेही कथेत यायला हवं. नुसती ‘अस्सल’ वाटावी म्हणून घातलेली शिवी काढून टाका.

## ७. पहिला खर्डा

वही बंद करून कपाटात. पहिला खर्डा आठवणीतून लिहा, सलग दोन-तीन बैठकांत. वही उघडी असली की प्रत्येक गोळा केलेली वस्तू आत शिरायला बघते.

- सुरुवात कामाने करा. पहिल्या दहा ओळींत कुणीतरी काहीतरी करत असावं, आणि त्यात अडावं.
- निव्वळ वर्णनाला सलग तीन ओळींपेक्षा जास्त जागा नको. पात्र जाता जाता जेवढं बघेल तेवढंच. रोज त्या वाटेने जाणारा माणूस डोंगराकडे बघत नाही, डीपीवरचा दिवा लागलाय का ते बघतो.
- गावच्या माणसाला गाव ‘निसर्गरम्य’ वाटत नाही. निवेदकालाही वाटू देऊ नका.
- जे नक्की आठवत नाही तिथे चौकोनी कंस करून पुढे जा: [कडवळाची पेंडी केवढ्याला?]. थांबून शोधायला गेलात की लय जाते.

खर्डा झाला की आठ दिवस बाजूला. मग वही काढून कंस भरा.

## ८. पाच फेऱ्या

एकाच वाचनात सगळं तपासायला गेलात तर काहीच सापडत नाही. प्रत्येक फेरी एकाच गोष्टीसाठी.

वेळ. प्रत्येक प्रसंगाला समासात तारीख, तिथी आणि तास लिहा. अमावास्येच्या आसपास चांदणं पडलेलं हमखास सापडतं. चंद्र केव्हा उगवतो तेही पाहा. वद्य अष्टमीच्या संध्याकाळी तो आकाशात नसतो, मध्यरात्रीच्या सुमाराला येतो.

अंतर. नकाशावर बोट ठेवून पात्रांबरोबर चाला. धाकटा पाच मिनिटांत विहिरीवर पोचला असेल तर तो पळत गेला असला पाहिजे, आणि मग त्याला दम लागलेला असला पाहिजे.

पैसा आणि मापं. मजुरी, पेंडीचा भाव, बस भाडं त्या सालचं आहे का? जुनी मापं वापरत असाल तर ती एकमेकांत बसतात का? चार शेरांची पायली, अर्धा शेर मापटं, पाव शेर चिपटं. मण मात्र जागोजागी वेगळा निघतो, तो त्या गावातच विचारा. भाव सापडत नसेल तर आकडा लिहू नका, ‘दोन दिवसांची मजुरी गेली’ म्हणा.

वस्तू. १९९० च्या पुढच्या कथेत मोट चालू असेल तर ती का चालू आहे याला कारण हवं. गाजर गवत स्वातंत्र्याच्या आधीच्या कथेत उगवू देऊ नका. मोबाइल आल्यानंतरच्या कथेत निरोप पोचला नाही म्हणून गैरसमज झाला, हे तर चालतच नाही. रेंज नव्हती म्हणायचं तर नकाशावर रेंज कुठे नाही ते आधी खुणावलेलं असावं.

बोली. मोठ्याने वाचा. फक्त संवाद, निवेदन सोडून. कोण बोलतंय हे नाव न वाचता ओळखू येतं का? दोन पात्रांची वाक्यं अदलाबदल करून चालत असतील तर दोघांपैकी एकाची अजून वहीत नोंदच झालेली नाही.

## ९. दोन वाचक

शेवटी दोघांना वाचायला द्या, आणि दोघांना वेगळे प्रश्न विचारा.

पहिला त्याच गावचा किंवा शेजारच्या गावचा, शक्यतो ते काम स्वतः केलेला. त्याला ‘कथा कशी वाटली?’ असं विचारू नका, तो ‘झ्याक’ म्हणेल. विचारा, ‘कुठं हसू आलं?’ नको त्या जागी आलेलं हसू म्हणजे चूक: पाणी चुकीच्या बाजूने वाहिलंय, गाय चुकीच्या वेळी धार देतेय, थोरल्या भावाला धाकटा नको त्या हाकेने बोलावतोय. वाचायला जमत नसेल तर त्याला वाचून दाखवा. तेव्हा तो जिथे मान हलवायचा थांबतो ती ओळ लगेच खुणावा, नंतर आठवत नाही.

दुसरा वाचक दूरच्या जिल्ह्यातला. उदाहरण सांगलीचं असेल तर अमरावतीचा किंवा रत्नागिरीचा. त्याला फक्त एक करायला सांगा: जिथे अडकलास तिथे रेघ मार. एका पानावर तीनपेक्षा जास्त रेघा आल्या तर बोली कमी करायच्या भरीला पडू नका, आधी ते वाक्य एखाद्या कामाला जोडून पाहा. बहुतेक रेघा तेवढ्याने जातात. उरतील त्या शब्दांपैकी निम्मे तुम्ही कौतुकाने घातलेले असतात, ते कोणते हे तुम्हाला माहीत असतंच.

दोघांची मतं एकमेकांविरुद्ध गेली तर वस्तू, काम आणि नातं याबाबत गावच्याचं ऐका. कथा कळते की नाही याबाबत दूरच्याचं.